आईला घर पसंत पडेना

“ढकल,” आई आतून म्हणाली.

मी न्हाणीघराच्या दाराला खांदा लावला. दार हललं नाही.

“जोरात ढकल की. दोन वेळचं जेवतीस ना?”

मी मागं सरले आणि धावत येऊन धडक दिली. कडी खळ्ळकन खाली पडली, दार उघडलं आणि मी सरळ आईच्या अंगावर जाऊन आदळले. नळाला धरून ती कशीबशी सावरली आणि दारात उभ्या असलेल्या घरमालकांना मोठ्या समाधानानं म्हणाली, “बगितलं? ह्या कडीच्या जिवावर पोरी आंघोळ करणार व्हय?”

“कडी बदलून देतो, ताई,” घरमालक म्हणाले. साधा माणूस होता बिचारा. आपलं दार कुणी असं पाडेल याची त्याला कल्पना नव्हती.

“कडी बदलाल. पण नळाचं काय? नुसतं फुसफुसतंय.”

“पाणी पहाटे येतं.”

“मग आमी पहाटं यिऊ,” आई म्हणाली.

आणि आम्ही खरंच पहाटे गेलो. मी, आई, तबस्सुम आणि अनघा, चौघी त्या परक्या माणसाच्या नळाखाली बादली ठेवून उभ्या. बादली अर्धी भरायच्या आत धार करंगळीएवढी झाली, मग सुतळीएवढी झाली, मग बंदच पडली. आईनं पदराला हात पुसले. “चला,” ती म्हणाली, “ह्ये बी घर गेलं.”

साताऱ्यात आम्ही माझ्यासाठी खोली बघत होतो ते दिवस हे. मला डी.फार्मसीला प्रवेश मिळाला होता आणि मुलींचं वसतिगृह भरून गेलं होतं. आमचं गाव दहिवडीच्याही पलीकडं, माण तालुक्यात. रोज येऊन-जाऊन करणं शक्यच नव्हतं. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, निघतानाच सांगून टाकलं होतं, “शनवारपातूर घर मिळालं तर ठीक. न्हाईतर गुमान माघारी या. दहिवडीला बी.ए.ला नाव घालू. पोरीला कुणाच्या वळचणीला टाकून यायचं न्हाई.” अण्णा वाईट नव्हते. मला बी.ए. करायचं नाही एवढंच त्यांना कळत नव्हतं. मला मात्र ते चांगलं कळत होतं. औषधांच्या दुकानात पांढरा कोट घालून उभी असलेली मी, हे चित्र मी दहावीपासून मनात टांगून ठेवलं होतं.

प्रवेशाच्या रांगेत माझ्या पुढे फलटणची तबस्सुम मुलाणी आणि मागे वाईची अनघा होती. रांग इतकी हळू सरकत होती की खिडकीशी पोचेपर्यंत आमचं एकत्र राहायचं ठरलंसुद्धा. त्यांच्या घरच्यांना परत जायची घाई होती. माझ्या आईला बघून ते निर्धास्त झाले. “काकी बघतायत म्हणजे झालं,” असं म्हणून ते आपापल्या गाडीत बसले आणि आमच्या तिघींचं नशीब आईच्या पदरात पडलं.

आईची घर बघायची एक पद्धत होती. आमच्या गावात उन्हाळ्यात टँकर यायचा, त्यामुळे तोटी फिरवली की पाणी येतं ही तिच्या लेखी चमत्कारात जमा होणारी गोष्ट. म्हणून पहिलं काम नळ. दुसरं काम कडी-कोयंडे, आणि त्यासाठी मी. तिसरं काम सगळ्यात महत्त्वाचं. घराबद्दल घरमालकाला विचारायचंच नाही. शेजारच्या दारात जायचं, कुणी गवार मोडत असेल तर आपणही चार शेंगा हातात घ्यायच्या आणि “उकाडा लई हाय न्हाई?” म्हणून सुरुवात करायची. चहा येईपर्यंत घराचा सगळा इतिहास बाहेर पडायचा.

ह्याच वाटेनं आम्हाला कळलं की एका सुंदर दोन खोल्यांच्या मीटरवर खालची पिठाची गिरणी चालते. दुसऱ्या एका घराची किल्ली मालक स्वतःजवळही ठेवतो आणि कधीही आत येतो. “झाडांना पाणी घालायला,” असं तो म्हणतो. कुंड्या मुलींच्या खोलीतूनच जाता येणाऱ्या गॅलरीत होत्या. “झाडं घरला न्या म्हणावं, आन् किल्ली पोरींकडं द्या म्हणावं,” आई त्याच्या तोंडावर म्हणाली आणि आम्ही जिना उतरलो. तबस्सुमनं तेव्हा माझा दंड घट्ट धरला होता. “तुझी आई म्हणजे पोलीस आहे,” ती कानात म्हणाली. मला फार अभिमान वाटला.

पण हळूहळू आईची कारणं बदलायला लागली.

शाहूपुरीतल्या एका घरात पाणी धो धो येत होतं. कडी अशी की मी तीनदा आपटून खांदा दुखवून घेतला तरी हलली नाही. शेजारीण म्हणाली, देवमाणसं आहेत. आई बराच वेळ खोलीत फिरली, खिडकीतून बाहेर वाकली आणि म्हणाली, “समोरच्या झाडावर कावळं लई हायेत.”

“कावळे?” अनघा म्हणाली.

“दिवसभर काव काव. अब्यास कसा व्हायचा?”

गोडोलीतल्या घराची मालकीण फार गोड बोलते असं तिला वाटलं. त्याच्या पुढच्या घराची मालकीण पुरेसं गोड बोलत नव्हती. सदर बझारातल्या एका छानशा खोलीचा रंग तिला दवाखान्यासारखा वाटला.

घर नाकारलं की आई रस्त्यावर येऊन क्षणभर थांबायची, पदर खोचायची आणि म्हणायची, “आता आलोच हावोत तर…”

आता आलोच आहोत तर राजवाड्यावरची भेळ खाऊ. आता आलोच आहोत तर बांगड्या भरू. आलोच आहोत तर त्या चार भिंतीच्या टेकडीवर सगळी फिरायला जातात म्हणे, ती तरी बघू. टेकडी चढताना आम्ही तिघी धापा टाकत होतो आणि आई पुढे. वर कठड्यावर बसून तिनं चपला काढल्या, पाय खाली सोडले आणि ते लहान पोरीसारखे हलवत बसली. खाली सगळा सातारा पसरला होता. एकेक दिवा लागत होता.

“येवढी घरं,” ती म्हणाली.

“आणि त्यात आम्हाला एक नाही,” मी म्हणाले.

“मिळंल गं,” ती म्हणाली आणि भडंगाची पुडी पुढे केली. तिच्या हातात नव्या हिरव्या बांगड्या होत्या. पुडी पुढे करताना तिनं त्या मुद्दाम वाजवल्यासारखं मला वाटलं.

रात्री आम्ही आईच्या मावसबहिणीच्या घरी पथारी टाकायचो. मला झोप येत नसे. अण्णांचा शनिवार जवळ येत होता. माझ्या डोक्यात एकच विचार घुसला होता आणि तो निघत नव्हता. आईलाही मी शिकलेली नकोच आहे. तोंडानं बोलत नाही, पण अण्णांच्या बाजूनंच आहे ती. शनिवार उजाडला की म्हणेल, बघितली की गं सगळी घरं, नाही मिळालं त्याला मी काय करू?

शनिवारी सकाळी समर्थ मंदिराच्या वरच्या अंगाला एक घर बघायला गेलो. खाली मालकीण राहायची, वर दोन खोल्या. मालकिणीचं नाव शेटेकाकी. सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या, आता निवृत्त. अंगानं किरकोळ, आवाज मात्र अख्ख्या वॉर्डला पुरेल असा.

“नळ तपासा,” आई काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या. “सकाळी दोन तास पाणी. वर टाकी आहे. टाकीचं झाकण उघडून बघा, मीच दर महिन्याला धुऊन घेते. मीटर वेगळा. किल्ल्या सगळ्या पोरींकडे, मी वर येणार नाही, माझे गुडघे येऊ देत नाहीत. शेजारी जाऊन माझ्याबद्दल विचारून या. डाव्या हाताच्या बाईला विचारू नका, ती उगाच स्तुती करते. उजवीकडच्या बाईचं माझं पटत नाही, तिला विचारा.”

आईच्या तोंडातलं सगळं त्यांनीच काढून घेतलं. आई क्षणभर गोंधळली. मग तिनं टाकी बघितली. माझ्याकडून दार ढकलून घेतलं. उजव्या हाताच्या बाईकडे जाऊन बराच वेळ बसून आली.

“काय म्हणाली?” शेटेकाकींनी विचारलं.

“म्हणाली, तोंड लई चालतं, पण पोरींना लेकीवानी बघतीया.”

“बघा! तोंडाचं खरं आहे.” शेटेकाकी खूष झाल्या. “आता माझी एक अट. खाटा चार आहेत आणि मला मुली चारच पाहिजेत. तीन ठेवल्या की दोघींची जोडी जमते आणि तिसरी जिन्यात येऊन रडत बसते. मग मला तिला चहा करून द्यावा लागतो. पाच वर्षं बघतेय मी. चौघी असल्या की भांडण झालं तरी दोन-दोन वाटून जातं.”

“चौथी शोधू आम्ही,” तबस्सुम घाईनं म्हणाली. “चालेल ना, काकी?” आणि आम्ही तिघींनी आईकडे पाहिलं.

वरच्या खोलीत ऊन आलं होतं. चार लोखंडी खाटा ओळीनं मांडलेल्या. खिडकीतून अजिंक्यतारा दिसत होता. आई एका खाटेवर बसली. मग उठली. भिंतीवरून हात फिरवला. खिडकी उघडली, लावली. नळाशी जाऊन तोटी सोडली, धार बघितली, बंद केली. मला तिची प्रत्येक हालचाल कळत होती. ती काहीतरी शोधत होती आणि ते तिला सापडत नव्हतं.

“जिन्याची ती मधली पायरी,” ती शेवटी म्हणाली, “जरा उंच हाय न्हाई?”

माझं डोकंच फिरलं.

“आई, तुला मला शिकवायचंच नाहीये ना?” मी ओरडले. “सरळ सांग तसं! कावळे काय, रंग काय, आता पायरी! आज शनिवार आहे. संध्याकाळी अण्णांना फोन करायचाय. ह्या घराला काय झालंय? तुला मला माघारी न्यायचंय म्हणून तू हे सगळं…”

पुढे मला बोलता येईना, कारण मी रडायला लागले होते. तबस्सुम माझ्याजवळ आली. अनघा खाली बघत उभी राहिली. शेटेकाकी जिन्याच्या तोंडाशी होत्या, त्या तिथंच थांबल्या.

आई माझ्याकडे बघतच राहिली. तिला खरोखर धक्का बसला होता.

“मी?” ती म्हणाली. “तुला माघारी?”

“मग काय!”

“अगं येडे…” ती पुन्हा खाटेवर बसली. बांगड्या मागंपुढं करत राहिली. मग हळूच, शाळेत बाईंनी उभं केलेल्या पोरीसारखी म्हणाली, “घर मिळालं की मला जावं लागंल न्हवं.”

अनघानं मान वर केली.

“म्हंजे, तुझ्यासाठीच आलीया मी. घर मिळालं तर माझं काय काम हितं? संध्याकाळची गाडी. उद्या सकाळी म्हशीम्होरं.” ती हसायचा प्रयत्न करत होती. “लगीन झाल्यापास्नं मी कुठं गेली तर लग्नाला, न्हाईतर मयताला, न्हाईतर कुणाच्या दवाखान्यात. असं नुसतं हिंडायला कवा गेलीच न्हाई. ही घरं बगायची, चार बायांशी बोलायचं, चहा प्यायचा, भेळ… मला वाटलं आणिक एक दिस. मग वाटलं आणिक एक. शनवारी मी हो म्हणणारच हुते, आईच्यान! कसलं बी घर असतं तरी म्हणाले असते. कसलं बी न्हाई, पाणी बगून.”

आता मी आणखी रडले, पण ते रडणं वेगळं होतं. मला हसू येत होतं आणि त्याहून जास्त तिच्यावर प्रेम येत होतं. इतके दिवस मी तिच्या शेजारी चालत होते, तिचे हलणारे पाय बघत होते, तिच्या बांगड्या ऐकत होते आणि मला वाटत होतं ती घर बघतेय. मी जाऊन तिच्या मांडीत डोकं खुपसलं.

“काकी,” अनघा नाक ओढत म्हणाली, “मग पायरी ठीक आहे?”

“पायरीला काय धाड भरलीया! मला दुसरं कायच सापडंना.”

सगळ्यात आधी शेटेकाकी हसल्या. इतक्या मोठ्यानं हसल्या की उजव्या हाताच्या बाईनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. मग गुडघ्यांना विसरून त्या जिना चढून खोलीत आल्या आणि चौथ्या खाटेवर हात आपटून म्हणाल्या, “मला चौघी पाहिजेत. ही खाट रिकामी आहे. चौथी मुलगी मिळेपर्यंत तुम्हीच राहा की, शालनताई.”

“मी?” आई म्हणाली. तेच मघाचं “मी”, पण सूर पार बदललेला.

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या, रुपया टाकून बोलायच्या डब्यावरून आईनं अण्णांना फोन लावला. आम्ही तिघी तिला चिकटून उभ्या.

“घर मिळालं,” आई म्हणाली. “चांगलं हाय. पाणी हाय… व्हय, कडी बी बगितली… पर एक अडचण हाय. मालकीण म्हणत्यात चारजणी पायजेत… न्हाई, तिगीच हायेत… मग मीच हाय चौथी.”

पलीकडून बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग बरंच ऐकू आलं.

“व्हय, व्हय,” आई म्हणाली. “म्हशीला पाणी येळंवर दावा. भाकरी वहिनींकडनं घ्या. आणिक येक रुपाया न्हाई माझ्यापाशी. ठेवते.” तिच्या मुठीत चार नाणी होती.

चौथी मुलगी शोधायचं काम अर्थातच आईनं स्वतःकडे घेतलं. पुढं काय झालं असेल ते सांगायला नकोच. कोरेगावची एक मुलगी आली. तिनं आल्या आल्या खिडकीजवळच्या खाटेवर पिशवी टाकली. आई म्हणाली, “आपमतलबी हाय.” दुसरीनं चहाचा कप तिथंच ठेवला. “हिच्या मागनं कोण इसळणार?” तिसरीत काहीच खोट नव्हती, तेव्हा आई गंभीरपणे म्हणाली, “ही घोरत असंल.” शेटेकाकी खालून ऐकायच्या आणि पोट धरून हसायच्या. सकाळी आई आमच्याआधी उठून पाणी भरायची, आम्ही कॉलेजला गेलो की शेटेकाकींबरोबर मंडईत जायची, आणि संध्याकाळी आम्हाला चार भिंतीवर घेऊन जायची. तिला गल्लीतल्या सगळ्या बायकांची नावं पाठ झाली. ज्या बाईचं शेटेकाकींशी पटत नव्हतं, तिचं आईनं पटवूनसुद्धा दिलं.

मग एक दिवस अण्णा आले. खांद्यावर बाजरीचं पोतं, कपाळावर आठ्या. जिना चढून वर आले तर आई खिडकीत बसून केस विंचरत होती आणि काहीतरी गुणगुणत होती. अण्णा दारातच उभे राहिले. रागवायचं म्हणून त्यांनी तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं.

“आलासा?” आई म्हणाली. “बसा. पाणी घ्या. आता आलाच हायसा तर…”

तिनं त्यांना राजवाड्यावर नेलं. भेळवाल्यानं आईला ओळखून विचारलं, “ताई, कांदा जास्त ना?” अण्णांनी आधी भेळवाल्याकडे आणि मग आईकडे बघितलं. त्यांनी दोन प्लेट भेळ खाल्ली. गाडीत बसण्याआधी मला बाजूला घेऊन म्हणाले, “सारिके, ही येवढी बोलती व्हय गं?”

“बोलते,” मी म्हणाले.

अण्णांनी टोपी सारखी केली. “बरं हाय,” म्हणाले. “राहू दे अजून. म्हशीचं मी बगतो.”

चौथी शेवटी आईलाच सापडली. मेढ्याकडची रंजना नावाची लाजरी मुलगी. तिनं खोलीकडे, खाटेकडे, खिडकीकडे काही बघितलं नाही. दारात चपला काढून तिनं पहिलाच प्रश्न विचारला, “काकी, पाण्याचा नळ कुठंय? सोडून बघू का?”

आई माझ्याकडे वळून म्हणाली, “हिला कळतंय.” आणि त्याच दिवशी तिनं आपली पिशवी भरली.

स्टँडवर ती गाडीत खिडकीशी बसली. मला वाटलं रडेल. ती रडली नाही. खिडकीतून हात बाहेर काढून तिनं माझा गाल चिमटीत धरला. बांगड्या वाजल्या. “दोन वर्सांनी दुसरं घर लागलं तर आधीच सांग,” ती म्हणाली. “घाईत घर बगायचं नसतं.”

मी सांगत आले. नोकरीला पुण्यात गेले तेव्हा सांगितलं, लग्नानंतर नाशिकला बिऱ्हाड केलं तेव्हा सांगितलं. प्रत्येक वेळी आई आली, तोट्या सोडल्या, कड्या लावल्या, शेजारच्या दारात बसून चहा प्यायली. गेल्या वर्षी आम्ही नाशिकला स्वतःचं घर घ्यायचं ठरवलं. आता ती गुडघ्यांना पट्टा बांधते, पण इमारतीच्या सगळ्या मजल्यांवर फिरली. बिल्डरचा तरुण माणूस मागे-मागे. न्हाणीघरात जाऊन तिनं आतून कडी लावली. “ढकल,” म्हणाली. माझ्या वयाला शोभत नाही, पण मी ढकललं. कडी घट्ट होती. पाणी भरपूर होतं. समोर झाड होतं, कावळा एकही नव्हता.

आई बराच वेळ गॅलरीत उभी राहिली. मग म्हणाली, “चांगलं हाय. पर येकदम हो म्हणू नको. आणिक दोन-तीन बगूया की.”

“बघूया,” मी म्हणाले. “घाई काय आहे? आता आलोच आहोत तर आधी गोदाकाठी जाऊन भेळ खाऊ.”

बिल्डरचा माणूस गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. त्या घराच्या करारावर मी आदल्याच आठवड्यात सही केली होती.